हात ठेवला म्हणून

५ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळीनंतर आज कंपनी उघडली. जेवणाच्या सुट्टीत फराळाचे डबे फिरले. तेजश्रीने माझ्या डावीकडच्या बाईला चकली दिली, मग उठली, टेबलाला वळसा घालून माझ्या उजवीकडच्या बाईकडे गेली. मध्ये मी.

अकरा वर्षं या बायकांच्या करंज्या खाल्ल्या. नाताळात यांनी माझ्या खाल्ल्या. आज मान खाली घालून पोळी-भाजी संपवली. पाणी प्यायलाही उठले नाही – उठले असते तर रडले असते.

६ नोव्हेंबर, बुधवार

कळलं. राजलक्ष्मीने ऑफिसात अर्ज दिलाय. 'स्मिता रणनवरे अडलेल्या बायकांना गाठून धर्म बदलायला लावते.' खाली सात सह्या. सातवी गिरजाबाईची.

गिरजाबाईची!

घडलं ते इथे लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं-खोटं कळायचं नाही. ऑक्टोबरात गिरजाबाईचा नातू डेंग्यूने आयसीयूत होता. बाटल्यांना झाकणं लावता लावता ती खालीच बसली. मी तिची लाइन लीडर, मीच तिला कॅन्टीनमध्ये नेलं. ती म्हणाली, तुझ्या देवाला पण सांग की गं काहीतरी. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, प्रभूचं नाव घेतलं, लेकराला वाचव म्हटलं. मिनिटभर. पोर वाचलं. डॉक्टरांनी वाचवलं, मी कधी वेगळं म्हटलेलं नाही.

राजलक्ष्मी तेव्हा पलीकडच्या टेबलावर चहा पीत होती. तिला मी हाताला धरून काम शिकवलंय. तिला माझी लाइन हवीय, हे सगळ्यांना दिसतंय.

७ नोव्हेंबर, गुरुवार

लाइन काढून घेतली. चौकशी होईपर्यंत मागच्या शेडमध्ये रिकामे खोके मोडायचे. लाइन राजलक्ष्मीकडे.

९ नोव्हेंबर, शनिवार

पुठ्ठ्याची धार ब्लेडसारखी असते. दोन्ही हातांना चिरा पडल्यात. मीठ लागलं की झोंबतं.

दुपारी राजलक्ष्मी एका नव्या बाईला घेऊन शेडपाशी आली. माझ्यादेखत तिला म्हणाली, "हिच्या हातचं पाणी घेऊ नकोस हां, मंत्र घालून देईल." दोघी हसल्या. तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. अगदी खरं. हातात खोका होता म्हणून वाचली.

घरी सुधीरला सांगितलं. चिडला – माझ्यावरच. कंपनीत डोळे मिटायला कुणी सांगितलं होतं? घरी मिटायचे. माफी लिहून दे आणि मोकळी हो. नवरा माझा, ख्रिस्ती घरातला, तोच असं म्हणतो तर राजलक्ष्मीला काय बोलायचं!

१० नोव्हेंबर, रविवार

पनवेलच्या चर्चमध्ये उपासनेला एकटीच गेले. सुधीर उठलाच नाही. पाळकसाहेब म्हणाले, छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करा. ठाऊक आहे हो! नगरच्या मिशन कंपाउंडात वाढले, लहानपणापासून हेच ऐकत आले. पण राजलक्ष्मीचं नाव घेतलं की पुढे नुसत्या शिव्या येतात.

गुडघे टेकून शिव्या. तसंच सांगितलं देवाला – आज माझ्याकडे एवढंच आहे, हेच घे. उठले तेव्हा छातीवरचं थोडं हललं होतं. थोडंच.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

मनातल्या मनात गीत म्हणत खोके मोडते. एका कडव्याला चार. ओठ हलू देत नाही, नाहीतर तेही अर्जात जाईल.

१८ नोव्हेंबर, सोमवार

सुभाषसाहेबांनी बोलावलं. बायकांच्या तक्रारी त्यांच्याकडेच असतात. माणूस वाईट नाही, त्यांना फक्त फाइल बंद करायचीय. टाइप केलेला कागद पुढे सरकवला – मी कामाच्या जागी धर्मप्रचार केला, पुन्हा करणार नाही. सही केली तर उद्यापासून लाइन परत.

पेन हातात घेतलं. लाइन हवी होती मला. फार हवी होती. मनात म्हटलं, प्रभू, काय करू? आवाज वगैरे काही आला नाही. पण पेन खाली ठेवलं गेलं.

म्हटलं, "साहेब, रडणाऱ्या बाईच्या डोक्यावर मी हात ठेवला. तो गुन्हा असेल तर तसं लिहा, आत्ता सही करते. यात लिहिलंय ते मी केलेलं नाही."

ते म्हणाले, मग रीतसर चौकशी होईल, नोकरीही जाऊ शकते. म्हटलं, होऊ दे.

बाहेर आले आणि जिन्यातच बसले. ते बळ माझं नव्हतं. मी भित्री आहे, माझं मला माहीत आहे.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

सुधीर बोलत नाही.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

चौकशी. सह्या केलेल्या बायकांना एकेक करून आत बोलावलं, मी कोपऱ्यात खुर्चीवर. पहिल्या सहा जणींनी पाठ केल्यासारखं तेच ते सांगितलं. माझ्याकडे एकीनेही पाहिलं नाही.

मग गिरजाबाई. पदराचं टोक पिळत आत आली. मग म्हणाली, "साहेब, कागदावर काय लिवलंय ते मला म्हाईत हुतं. पोरगा म्हनला, कर सही, आपल्याला नको भानगड. म्हनून केली. पन हिला मीच म्हनले हुते, तुज्या देवाला सांग म्हनून. हिनं मला काय बी बदलाया सांगितलं न्हाई."

साहेबांनी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं आणि निघून गेली. माझ्याकडे तिनेही पाहिलं नाही.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

अर्ज फेटाळला. सोमवारपासून लाइन माझी, राजलक्ष्मी माझ्या हाताखाली. माफी कुणीही मागितली नाही. तेजश्रीने काही घडलंच नाही अशा थाटात लोणचं पुढे केलं. नको म्हटलं.

सुधीरने जिलबी आणली. म्हणतो, मला खात्री होतीच!

२ डिसेंबर, सोमवार

वाकड्या लेबलावरून राजलक्ष्मीला सगळ्या लाइनसमोर उभं केलं. अर्धा तास. लेबल सरळ होतं, ते मला दिसत होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला गोड वाटलं.

घरी येऊन गुडघे टेकले. उद्या तिची माफी मागायची आहे, तीही सगळ्यांसमोर – आणि त्याला लागणारं बळ मागायची अजून इच्छाच होत नाही.