पाचवं पान

ताई, नमस्कार.

मी बरी आहे, खोकला गेला. फोनवर रडू येईल म्हणून लिहितेय.

हॉटेलच्या इस्त्रीखान्यात चादरींचा ढीग संपत नाही, पण जेवणाच्या सुट्टीतली वीस मिनिटं माझी असतात. त्यात इस्त्रीच्या टेबलावरच मी कादंबरी लिहायला घेतली, हे फक्त तुला ठाऊक होतं. पहिली पाच पानं वहीतून उतरवून फक्त तुलाच पाठवली.

काल काकूचा फोन आला. “मला पहिल्याच पानावर मारलंस होय गं?” मागे सगळे खिदळत होते. त्यात तुझं हसू ओळखलं मी. काकूच्या तोंडात तीळ भिजत नाही, ते सोड. पण तू केसानं गळा कापलास. ‘कुणाला दाखवू नकोस’ असं वर लिहिलं होतं, तेही मोठ्यानं वाचलंस म्हणे.

चौथ्या पानावर सगळे हसून दमले आणि वाचन थांबलं. म्हणजे पाचवं राहिलंच. त्यात नायिकेची थोरली बहीण येते. ती धाकटीचं गुपित मरेपर्यंत जपते.

आईच्या गुडघ्याला तेल लावतेस ना?

वहीतलं ते पान फाडणार होते. मग राहू दिलं. कादंबरीत खोटं चालतं.

तुझी धाकटी