मशीन छोटंच घ्यायचं

१२ मार्च २००३, संध्याकाळ

दगडी गडग्यापलीकडे शेजारच्या मीनलच्या खोलीतला दिवा विझायला आला, तिथंच माझा सगळा बेत बदलला. दुकानदाराने वेल्डिंगचं मोठं मशीन वापरून बघायला दिलं होतं. घरच्या विजेवर ते झेपायचं नाही, असं तो म्हणाला होता. मी ऐकतोय कशाला! कॉलेज सोडलं तरी हा काहीतरी करतोय, हे तिच्या वडिलांना, अण्णांना, दिसायला हवं होतं ना. अंगणात फाटक जोडायला घेतलं. रॉड टेकवला की तिचा दिवा मंद. पुन्हा टेकवला, पुन्हा मंद.

"मेल्या, उद्या पेपर आहे माझा! स्वतः कॉलेज सोडलंस, आता मलाही सोडायला लावतोस काय?" मीनल गडग्यावरून ओरडली. मागे अण्णा हसले. हसले! डोकंच तापलं. पण चिडणार कोणावर?

तो दिवा डोळ्यांसमोरून हलत नाही. मोठं मशीन फाटकासाठी हवं होतं की अण्णांसाठी? फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्यांना छोटं पुरे. काम सावकाश होईल, होऊ दे. उद्या बदलून आणतो.

तिची परीक्षा संपेपर्यंत रॉड पेटवणार नाही, हे मात्र आत्ताच सांगायचं. तेही अण्णांसमोर. हसले तर हसू देत. उठलो. दार ओढून घेतो आणि निघतो.