एका कढईत दोन डब्यांचं तेल

डिंडोली, सुरत

तीर्थरूप राघोनाना यांच्या पायांवर धाकट्या दगाचं डोकं. (हल्ली वाकताना पोट मधे येतं, तेवढं सांभाळून घ्या.) आम्ही सगळे इकडे मजेत. तुमचंही तसंच म्हणायचं होतं, पण शेताचा बांध चढताना तुमच्या छातीत दाटतं आणि तुम्ही गॅस म्हणून ओवा चावत बसता, असं वहिनींनी आमच्या कलाबाईला सांगितलं. ते विचारायला मी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तुम्ही "बरं, ठेव" म्हणालात. म्हणून पत्र. हे मधेच कापता येत नाही.

तर नाना, बातमी ऐका. तुमचा भाऊ विज्ञानात गेला! पंचवीस वर्षं लूमवर उभं राहून कुणी विचारलं नाही, शेवटी पोटानं नाव काढलं. इथल्या एका कॉलेजातल्या हर्षदाबेन म्हणून डॉक्टरीण आहेत (अंगानं काडी, पण आवाज चालू लूमवरून ऐकू यावा असा). माणूस जाड का होतो, खाल्लेलं तेल रक्तात कुठे फिरतं आणि रक्ताच्या नळ्यांच्या आत थर धरून त्यांना कडक कसं करतं, हे त्या शोधतायत. त्यासाठी त्यांनी आमचीच गल्ली निवडली! बारा घरं. माप घ्यायच्या दिवशी सगळे पुरुष श्वास ओढून असे उभे की पोलीस भरतीच वाटावी. मी मात्र पोट मोकळं सोडून उभा राहिलो. एकेचाळीस इंच! गल्लीत पहिला. शेजारच्या मारुतीचं साडेचाळीस भरलं, तर तो दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही.

खरी गंमत रक्ताची. उपाशीपोटी नळीभर घेतलं, यंत्रात गरगर फिरवलं, आणि वर काय आलं असेल? साय! अहो, दुधावर येते तशी पांढरी. दोन विद्यार्थिनी धावत आल्या आणि त्या नळीचा फोटो काढून घेतला. आपल्या घराण्यात लग्नाखेरीज कुणाचा कुणी मागून फोटो काढलाय का, सांगा. मी त्यांना दोन प्रती मागितल्या. (मिळाल्या नाहीत.) मग मानेवर थंडगार काहीतरी लावून मशीन फिरवलं. आतली रक्ताची नळी टीव्हीवर दिसते, आणि धडधडीचा आवाजसुद्धा येतो. अगदी लूमच्या खात्यात उभं राहिल्यासारखं वाटलं.

त्यानंतर तेल वाटलं. सहा घरांना लाल झाकणाचा डबा, सहा घरांना निळ्या. कुठल्यात काय, ते आम्हालाही ठाऊक नाही आणि हर्षदाबेननासुद्धा सांगितलेलं नाही. तीन महिने आपापल्याच डब्यातलं खायचं आणि मग कुणाच्या रक्तात काय फरक पडला ते बघायचं. अट एकच, तेलाची अदलाबदल नको. कलाबाईनं देवावर हात ठेवून कबूल केलं. आमचा निळा.

पण नाना, आपल्या बायका! पंधराव्या दिवशी समोरच्या धुरपदाबाईकडे पाहुणे आले, तिनं वाटीभर तेल मागितलं. नाही कोण म्हणणार? तिनं परत केलं ते लाल डब्यातलं. तिकडून मारुतीच्या घरी पापड तळायला गेलं, तिथून पुढे आणखी कुठे गेलं देव जाणे. मी हटकलं, तर कलाबाई म्हणाली, "वाटी रिकामी कशी धाडू?" आणि मग आलं थंडीतलं भरीत. गल्लीमागच्या प्लॉटवर तुराट्या पेटवून अठरा किलो वांगी भाजली, हिरव्या मिरच्या ठेचल्या, कांद्याची पात चिरली आणि बाराही घरांचे डबे एका कढईत उपडे झाले. नेमक्या त्याच वेळी हर्षदाबेन तपासणीला हजर!

त्या कढईकडे बघतात, लाल-निळ्या झाकणांकडे बघतात. "काका, आ शुं कर्युं तमे?" एवढंच म्हणाल्या आणि खाटेवर बसल्या. तेल किती पडलं ते तरी सांगा, म्हणून वही काढली, तर कलाबाईचं उत्तर, "भरीत काय मोजीसन करतस का?" मला इतकी लाज वाटली की जमिनीत गडप व्हावं. पण कलाबाईनं त्यांच्यापुढे भरीत आणि कळण्याची भाकरी ठेवली. बेननी दोनदा मागून घेतलं, डोळ्यांतून पाणी काढत. (काही मिरचीचं होतं, काही तीन महिन्यांच्या मेहनतीचं.) आमची गल्ली संशोधनातून बाद झाली. मारुती त्याचं खापर माझ्यावरच फोडतो. असो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
दगा

ता. क. : गल्ली बाद झाली, मी नाही. बेनचं दुसरं काम निघालंय, त्यात सख्खे भाऊ हवेत, एक शहरात राहिलेला आणि एक गावात. तुमचं नाव मी देऊन टाकलं. रविवारच्या गाडीचं तिकीट यासोबत आहे. सोमवारी सकाळी उपाशीपोटी रक्त. वहिनी डबा देतील तो गाडीतच संपवा, रात्री कशालाही हात लावू नका.

ता. क. २ : आता खरं सांगतो. मशीनमध्ये माझ्या मानेतल्या नळीची भिंत जाड निघाली, गोळ्या चालू आहेत. बेननी विचारलं, घरात कुणी अचानक गेलं होतं का. मी म्हटलं, आबा, चोपन्नाव्या वर्षी, बांधावर टेकले ते उठले नाहीत. भाऊ केवढा, म्हणाल्या. मी सांगितलं, चैत्रात चोपन्नावं लागेल. त्यांनी लिहिणं थांबवलं आणि म्हणाल्या, त्यांना आधी आणा, संशोधन राहू दे. नाना, तुम्ही सडपातळ आहात म्हणून मी निर्धास्त होतो, पण बारीक माणसाच्याही नळ्या भरतात म्हणे. आबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. नंतर शाळेच्या दाखल्यावर सही तुम्ही केलीत, लग्नात वडिलांच्या पाटावर तुम्ही बसलात. मला पुन्हा पोरकं व्हायचं नाही. रविवारी स्टेशनवर उभा आहे.