आईच्या खोलीच्या छताला कागदी पट्टी

दादा,

मी दवाखान्यात निघालेय. तुला उठवलं नाही, कारण कालच्या भांडणाला सकाळी सकाळी पुन्हा फोडणी नको होती.

तू आणलेली जाळीची पट्टी दुकानात परत कर. चिकटवायला ती सोपी आहे हे कबूल, पण साध्या पुट्टीखाली छताचा सांधा ती नीट धरत नाही. बाहेरच्या खोलीत वर्षभरात भेग पडली, ती तू पाहिली आहेसच. कागदी पट्टी आणून स्टुलावर ठेवली आहे. आधी दोन जिप्सम बोर्डांच्या सांध्यावर पुट्टी लाव, ती ओली असतानाच पट्टी बसव आणि पात्याने दाबत पुढे जा. आत हवा राहिली तर फुगा येतो. पुट्टीचा एक हात पुरता सुकल्याशिवाय दुसरा देऊ नकोस, मग दोन दिवस जास्त गेले तरी चालतील.

काल तू म्हणालास, "छताकडे कोण मान वर करून बघत बसतंय?" तेव्हा मी उगाच तुझ्यावर तुटून पडले. खरं म्हणजे दुपारी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की आई आता उठून बसणार नाही, तिला घरी न्या. तिला दिवसभर ते छतच दिसणार आहे. हे तुला सांगायला तोंड उघडलं आणि पट्टीवरूनच बोलत सुटले.

आईला अजून काही सांगितलेलं नाही. संध्याकाळी हात धुऊन दवाखान्यात ये. मला एकटीला ते जमणार नाही.

धाकटी