पोटातलं इंजिन, शेपटीचं इंजिन

माघ व. ३, शके १८६१
अप्पा देशमुखांची शिडाची होडी परत तळ्याच्या मधोमध अडकली. वारा पडला. पलीकडच्या मळ्यात निघालेले अप्पा दुपारभर ऊन खात बसले. इंजिन बसवायचं ठरलं. मी म्हणालो, होडीच्या पोटात, बुडावर, पक्कं, रॉकेलवर चालणारं. गिरणीचं इंजिन कुणी न शिकवता मीच खोललं, मीच बसवलं. अप्पा म्हणाले, "उस्ताद, तुम्ही म्हणाल तसं." चारचौघांत म्हणाले.

व. ७
अप्पांच्या भाच्यानं सोलापूरहून बसवण्णा नावाचा मोटार-मेकॅनिक आणला. केसाला तेल, बोटाला नाही. त्याचं इंजिन मागच्या फळीला बाहेरून लटकतं. शेपूट नुसतं. "काका, पोटात इंजिन घातल्यावर माणसं काय शिडावर बसवता?" सगळे हसले. अप्पा जास्तच. मग त्याला, "उस्ताद, लावून दाखवा." आणि मला, "मिस्त्री, जरा टोक धरा."
धरलं.

व. ८
पेट्रोल पिणारं यंत्र. लढाईच्या दिवसांत पेट्रोल आणणार कुठून? सांगायला गेलो, तर बसवण्णा ओसरीवर, माझ्या जागेवर, चहा पीत. तसाच फिरलो.
सौ. म्हणाली, "उस्ताद म्हटलं काय न् मिस्त्री म्हटलं काय, हात त्येच न्हायत का?" तिला काय कळतंय.

व. १०
होडी चालवून बघितली. मलाही बसवलं. पलीकडच्या काठाला पाणगवत पंख्यात गुंतलं. बरं वाटलं. बसवण्णानं शेपूट वर उचललं, गवत ओढून काढलं, परत पाण्यात सोडलं. पोटातल्या इंजिनाचा पंखा बुडाखाली असता, मलाच कमरेएवढ्या चिखलात उतरावं लागलं असतं. कुणाला बोललो नाही. इथं लिहिलं, बास.
येताना मागच्या फळीवर हात ठेवला. बोल्टापाशी केसाएवढी चीर. इंजिन थरथरलं की उघडते, मिटते. बसवण्णाला दिसली नाही. त्याची नजर अप्पांकडं.

व. ११
लोखंडी पट्टी कापली, चार भोकं पाडली. फळीला आतून आवळली की चीर जागच्या जागी. सुताचाही फरक नाही. घेऊन तळ्याकडं निघालो. देवळापाशी अप्पा भेटले. "मिस्त्री, कुणीकडं? उद्या सकाळीच अक्काला मळ्यात न्यायचंय. उस्ताद नेतोय म्हणाला."
"कुठं न्हाय," म्हणालो. माघारी आलो.
अप्पांच्या बहिणीला, अक्कांना, पोहता येत नाही.
पट्टी दाराशी उभी केलीय. सौ.नं विचारलं, "हे कशाचं?"
म्हटलं, होडीचं.
"मग हितं काय करतंय?"