जाळी काढल्याची नोंद

३ मार्च

चि. धाकट्यास, ताईचे अनेक आशीर्वाद.

डाव्या हाताने लिहितेय, अक्षराला हसू नकोस. लाँड्रीच्या मालकांचा वकील काल घरी आला होता. हाताचा सगळा खर्च देतो, वर आणखीही देतो, फक्त दावा मागे घ्या म्हणाला. मी चहा पाजला आणि नाही म्हटलं. आमच्या वकीलबाई सांगतात, भरपाई मिळेलच, पण ती माझ्या हाताची. हात आत ओढला जाऊ नये म्हणून इस्त्रीयंत्राला असते ती जाळी धोका ठाऊक असून काढायला लावली हे सिद्ध झालं, तर कोर्ट वर दंडात्मक भरपाईही लावतं, पुन्हा कुणाची तशी छाती होऊ नये म्हणून. मला तीच हवी आहे. त्या यंत्रावर आता दुसऱ्या दोघी उभ्या आहेत रे, आणि जाळी अजून नाही.

तू तिथला फिटर, साबणाच्या वडीपासून सगळं तारीखवार वहीत टिपणारा. पण तुझी नोकरीही तिथेच, म्हणून मी काही मागत नाही.

माया आहे तशीच राहू दे.
ताई

९ मार्च

ती. ताईस, शि. सा. नमस्कार.

तोंड नव्हतं म्हणून इतके महिने लिहिलं नाही. जाळी मीच काढली. तिच्यामुळे काम मंदावतं, असं मॅनेजरसाहेबांचं म्हणणं. कुणाचा तरी हात जाईल, असं मी दोनदा सांगितलं. ते मलाच म्हणाले, तुझ्या जागेसाठी बाहेर रांग आहे. मी पाना उचलला. तिसऱ्या आठवड्यात तुझा हात सापडला.

वहीत सगळं आहे. वही वकीलबाईंना दिली, साक्षही देणार. तू चहा पाजून नाही म्हणतेस, आणि मी गप्प बसू?

रागाव, पण पत्र टाक.
तुझा धाकटा

२७ नोव्हेंबर

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

जिंकलो! निकालाला का आला नाहीस? त्यांच्या वकिलाने तुझी साबणाची नोंद वाचून हशा पिकवला होता ना? न्यायाधीश म्हणाले, जो साबण टिपतो आणि स्वतःची चूकही खोडत नाही, त्याची वही खरी. भरपाई दिलीच, वर दंड असा ठोठावला की मॅनेजर पाणी प्यायला. सोमवारी सगळ्या यंत्रांना जाळ्या बसल्या. त्या दोघी मुद्दाम सांगायला आल्या होत्या.

तुझी नोकरी गेली, त्याचं वाईट वाटतं. पण भर कोर्टात मीच काढली म्हणताना तुझा आवाज कापला नाही. मला केवढा अभिमान वाटला!

दवाखान्यात तू माझ्या हाताकडे पाहिलं नाहीस, तेव्हाच मला कळलं होतं. राग आला होता, खूप आला होता. आता नाही.

रविवारी ये. माझ्या शिवणयंत्राचा पट्टा सुटलाय. दुसऱ्या कुणाला मी त्याला हात लावू देणार नाही.

वाट पाहणारी,
ताई