सहा थांबे

३ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा सल्ला ऐकला आणि बोटं मोडून घेतली. साखर अर्धा चमचा कमी, साबणाचे तुकडे दाबून नवी वडी, तेल दोन पळ्यांऐवजी दीड. उरलेले पैसे वेगळ्या खोलीसाठी पिठाच्या डब्यात टाकत होते. पण हे वजनकाट्यावर कामाला आहेत, हे आपण दोघी साफ विसरलो! तेल संपलं म्हणून मी पैसे मागितले. यांनी डबा नुसता हातात धरला आणि अजून पाऊण किलो आहे म्हणाले. मग पिठाचा डबा पालथा केला, माझा डावा हात टेबलाच्या खणात धरला आणि गुडघ्याने खण लावला. दोन बोटं मोडली. दवाखान्यात दाराचं नाव सांगितलं.

माया आहे तशीच ठेव.
तुझं कासव

१४ जानेवारी

चि. कासवास,
अ. उ. आ.

रडले, मग त्या मेल्याला पोटभर शिव्या घातल्या. चूक माझी आहे. मागच्या खेपेला तू इथे आलीस, तर मागोमाग येऊन त्याने तुझ्या भावोजींचे दोन दात पाडले. तरी ते म्हणतात, अजून बरेच शिल्लक आहेत, तिला बोलाव. पण तुला स्वतःचीच खोली हवी, हे मला माहीत आहे. आता घरातलं काही वाचवू नकोस. त्याला तोलता येणार नाही असं काहीतरी शोध.

जिवाला जप, आम्हाला विसरू नकोस.
तुझी ताई

२० मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सापडलं! लाँड्रीत चादरींना इस्त्री करते तो पगार यांच्या हातात जातो, पण बसभाडं रोज मला मिळतं. पहिल्या आठवड्यात एक थांबा अलीकडे उतरले, मग दोन. आता सहाही थांबे चालते, जाता-येता. पैसे लाँड्रीतल्या मुकादमबाई त्यांच्या कपाटात ठेवतात. उशीर झाला म्हणून दोनदा मार खाल्ला. पट्ट्याच्या बकलाने भुवई फाटली. म्हणून आता भरभर चालते. शाळेच्या वाटेवर मला ओढत न्यायचीस, आता ये शर्यतीला.

तुझं कासव

९ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

खोली मिळाली. काल सकाळी पिशवी उचलली तर तो दारात आडवा आला. त्याला आता अहो-जाहो करणार नाही. त्याने गळा धरला, डोकं चौकटीवर दोनदा आपटलं. मी त्याचा अंगठा चावले, तोंडात रक्त येईपर्यंत सोडला नाही. मग पळत सुटले. तो गज घेऊन मागे. पहिल्या थांब्यापर्यंत पाठीवर तीन फटके बसले, लोक नुसते बघत होते. दुसऱ्यापर्यंत अंतर पडलं. तिसऱ्यावर वळून पाहिलं, तर तो फुटपाथवर बसून धापा टाकत होता.

तेवढ्यात बस आली. भाडं मुठीत होतं, पण चढले नाही. नव्या खोलीला कुलूप घ्यायला तेवढेच पैसे कमी पडत होते.

तुझी माया राहू दे, आणि भावोजींच्या दातांना माझा नमस्कार सांग.
तुझं कासव